उलटा बाण

१

मेलेल्या पोराच्या गाडीपुढं उभं राहून माणसं फोटो काढून घेत होती. एकजण तर बॉनेटवर कोपर टेकून, केस सावरून उभा! मदन उपाध्यांना शिसारी आली. पलूसच्या त्या शेडबाहेर पाऊस नुसता ओतत होता, आत पिवळीधमक गाडी नाक चेपून पडली होती, आणि ह्यांची आपली जत्रा चाललेली.

"सरका जरा," मदन म्हणाले.

एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांपूर्वीचे मदन उपाध्ये असते तर त्या कोपरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण यंदाच्या चातुर्मासात त्यांनी राग सोडला होता. बाकीचे लोक गूळ सोडतात, पालेभाज्या सोडतात. हेही चहा सोडणार होते, तर बायको, कीर्ती, भर देवळात म्हणाली, "ह्यांनी चहा सोडून घरात काही फरक पडत नाही. राग सोडायला सांगा." झालं! सगळ्यांदेखत नियम घेतला, आता चार महिने गिळत बसायचं.

मदन सांगलीत विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचे. तीस वर्षं तोच धंदा. मोडलेली गाडी बघायची आणि ती कशामुळं मोडली ते लिहून द्यायचं. या वेळी मात्र त्यांच्या कागदावर एका पोरीचं आयुष्य टांगलेलं होतं.

झालं होतं ते असं. लालासाहेब जमदाडे हे पलूसचे मोठं प्रस्थ. द्राक्षबाग, क्रेन, उसाच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना. बायको मागंच गेलेली, एकुलता एक मुलगा विश्वजित, चोवीस वर्षांचा. त्याला ही दोन माणसांची वेगवान परदेशी गाडी घेऊन दिली होती, आणि ती पावसात कशी चालवायची हे शिकवायला सोनम बंडगर नावाची मुलगी नेमली होती. जत भागातली, धनगराची. मेंढरांच्या टेम्पोवर हात बसलेली, पुढं चार वर्षं गाड्यांच्या चाचणी-मैदानावर नोकरी केलेली. गेल्या शनिवारी सकाळी दोघं साताऱ्यावरून पुण्याकडं निघाली. स्टेअरिंगवर सोनम. बोगदा ओलांडला आणि सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या अलीकडं गाडी डावीकडच्या चरीत घुसली. मोरीचा दगड डाव्या अंगाला बसला. विश्वजित जागीच गेला. सोनमची मांडी मोडली, आणि निष्काळजीपणानं जीव घेतला म्हणून तिच्यावर गुन्हा दाखल झाला.

"एकशेचाळीसनं चालली होती ती बया," लालासाहेबांचा पुतण्या अमृत मागून म्हणाला. केसांना जेल, हातात मोबाइल. "गाडीत दोष शोधून सापडणार नाही. टायर बघा ना, नवेकोरे."

टायर खरंच नवे होते. मदन गुडघ्यावर बसले. चरीत कमरेएवढं पाणी होतं, पुढची चाकं त्यात बुडालेली, पंचनामा भर पावसात छत्रीखाली उरकलेला. म्हणजे ही पुढची चाकं त्या दिवशी कुणीच बघितलेली नव्हती. संध्याकाळी लालासाहेबांच्याच क्रेननं गाडी उचलून इथं आणली होती.

पावसाच्या टायरवर बाण असतो. चाक पुढं पळताना त्या दिशेनं फिरायला हवं, मग त्याची नक्षी रस्त्यावरचं पाणी मधून उचलून दोन्हीकडं फेकते. उलटं बसवलं तर तीच नक्षी पाणी मधे गोळा करते. मदननी मागची दोन्ही चाकं बघितली. बाण बरोबर. पुढची बघितली, आणि चष्मा पुसून परत बघितली. दोन्ही बाण उलटे होते. रिंगच्या कडेला ताजे, चकचकीत ओरखडेही होते, वर चिखलाचा कणसुद्धा नाही.

त्यांनी नक्षीवरून बोट फिरवलं आणि ते जागच्या जागी थांबले. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळली की रस्त्याला टेकणारे केस झडून जातात. ही गाडी पलूसहून निघून खंडाळ्यापर्यंत गेली होती, तरी पुढच्या टायरवरचे केस अजून शाबूत होते. हे टायर रस्त्यावर फिरलेलेच नव्हते.

२

सांगलीच्या दवाखान्यात खोलीच्या दाराशी एक बाई फरशीवर बसली होती. कपाळ मोकळं, हातात कळकट पिशवी. सोनमची आई, भामाबाई.

"आवं सायेब, तुमीबी तिला खुनी म्हणाय आलायसा काय?"

"मी म्हणायला नाही आलो, बाई. विचारायला आलोय."

"इचारा. पर ती येकच बोलती, मीच मारलं म्हणून." भामाबाईनं डोळ्याला पदर लावला. "आईबिगर पोरगं वो ते. तिसऱ्या दिवशी मी लालासायेबांच्या दारात गेलते रडाय. फाटकातनंच घालवली मला. 'तुज्या पोरीनं माजं पोर खाल्लं' म्हणाले. मग रस्त्यावरच बसून रडले आन आले."

मदननी आवंढा गिळला. राग गिळायची सवय होत चालली होती, पण ओकारी गिळायचा नियम काही त्यांनी घेतला नव्हता.

सोनम भिंतीकडं तोंड करून पडली होती. "वेग किती होता?" त्यांनी विचारलं.

"साठ. फार तर पासष्ट."

"लोक एकशेचाळीस म्हणतात."

ती वळली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत काही हललं. "लोकांना वाटतं भारी गाडी म्हणजे पावसात पण भारी. उलट असतं, सर. टायर जेवढा रुंद तेवढा पाण्यावर लवकर तरंगतो. साध्या गाडीला जे पाणी कळतही नाही, त्यावर ही घसरते. त्यात हिची सगळी ताकद मागच्या चाकांत. पाय जरा जड पडला की मागचं बूड गर्रकन फिरतं. मी विश्वजितला सांगायचे, पायाखाली कोकराची मान आहे समज, तेवढाच दाब. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. ट्रकच्या चाकांनी पाणी उडवून मोकळ्या केलेल्या पट्ट्यातनं चाक न्यायचं. पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक मारायचा नाही. साचलेलं पाणी दिसलं की आधीच वेग कमी करायचा, आणि पाण्यात शिरल्यावर काही म्हणजे काही करायचं नाही."

"मग त्या दिवशी गाडी तरंगली?"

"तेच तर कळत नाही. तरंगली की स्टेअरिंग हलकं होतं, हाताला रिकामं लागतं. तसं झालंच नाही. डावीकडं फट्ट झालं आणि स्टेअरिंग हातातनं ओढून नेल्यासारखं गेलं. पण आत्ता सगळे म्हणतात टायर नवे, काहीच झालं नव्हतं. मग माझंच चुकलं असणार."

"निघताना टायर बघितले होते?"

"बघितल्याशिवाय मी बसत नाही. चारी बाण बघितले, बरोबर होते. रुपयाचं नाणं नक्षीत उभं घातलं, चांगलं आत बुडलं." तिनं उशी सावरली. "पुढचे आधीचे टायर गोटा झाले होते, तळहातासारखे. मी म्हणाले, नवे आल्याशिवाय पावसात गाडी बाहेर काढणार नाही. विश्वजित वडलांपुढं हटून बसला. शनिवारी गाडी आली तर टायर काळेभोर. रस्ताभर पोरगं खूश. दहा वेळा म्हणालं, 'ताई, बाबांनी पहिल्यांदा माझं ऐकलं.'"

तिनं परत भिंतीकडं तोंड केलं. मदननी खुर्ची पुढं ओढली.

"एकच सांग, पोरी. टायरवर हात फिरवलास तेव्हा रबराचे केस लागले?"

सोनमनं डोळे मिटले, हात हवेत धरला, जणू चाक समोर होतं. "नाही. गुळगुळीत लागलं. हाताला काळं लागलं होतं. रंगासारखा वास येत होता, मला वाटलं पॉलिश मारलंय."

मदन ताडकन उठले. सोनमनं तपासलेले टायर वेगळे होते आणि शेडमधल्या गाडीला लावलेले वेगळे. अपघात झाल्यावर, पोरगं घरात थंडगार होऊन यायच्या आत, कुणीतरी गाडीची चाकं बदलली होती.

३

कुपवाडला सयाजी खोताचं टायरचं दुकान. कारखान्यांची पाळी सुटलेली, कामगार रेनकोट घालून मोटारसायकलींवरून चाललेले, आणि सयाजी चहाचा पेला घेऊन मशीनवर बसलेला. मदननी चहा घेतला. चहा काही सोडला नव्हता.

"मागचे दोन मीच बसवलं, ज्येष्ठात," सयाजी म्हणाला. "पुढचं दोन उशिरा आलं. आखाड लागल्यावर. मी फोन केला, गाडी घिऊन या म्हणलं. गाडी कुठली येती! अमृत पिकअप घिऊन आला आन टायर तेवढं टाकून गेला."

"कधी?"

"अपघाताच्या आदी आठ-दहा दिस."

म्हणजे नवे टायर आठ दिवस कुठंतरी पडून होते, आणि पोरं दुसऱ्याच टायरवर पुण्याला निघाली होती.

"सयाजी, गोटा टायरवर नव्यानं नक्षी काढतात, ते तू करतोस?"

"थू!" सयाजी खरंच बाजूला थुंकला. "आवं अण्णा, लेकरंबाळं हायत मला. गरम पात्यानं खाचा मारायच्या, वरनं काळा रंग फासायचा, की झाला नवा. पर रबर राहिलंय कुठं खाली? खाच सरळ आतल्या दोऱ्याला भिडती. ट्रॉलीला चालतंय त्ये, बैलगाडीला चालतंय. पळणाऱ्या गाडीला घातला तर पाण्याच्या दणक्यानं टराटरा फाटंल."

"आणि त्यात नाणं घातलं तर?"

"बुडंल की झकास. खाच खोलच असती. नाण्याला काय कळतंय खाली रबर हाय का दोरा."

मदननी पेला खाली ठेवला. बिचारी पोर! तपासायचं ते सगळं तिनं तपासलं होतं.

"असला टायर मशीनशिवाय बसतो?"

"बसतो. टॉमीची पहार घालून, ट्रॅक्टरचा बसवत्यात तसा. पर रिंगची पार वाट लागती."

"बसवणाऱ्यानं पुढचे दोन्ही उलटे बसवले असतील तर?"

सयाजी पोट धरून हसला. "म्हंजे दोन्ही हुकलं? येक हुकला तर म्हणावं घाई. दोन्ही हुकलं म्हंजे मुद्दाम बसवलं. शाणा मानूस हाय त्यो, त्येच्या कामात पक्का. फकस्त त्येचं काम मोटारीचं न्हवं."

मदन हे वाक्य घोळवतच बाहेर पडले. टायर नेणारा अमृत, टायर नवेकोरे आहेत हे न विचारता पहिल्यांदा सांगणाराही अमृत.

४

अमृत शेडच्या दारात खुर्ची टाकून मोबाइल बघत होता. मदनना बघून त्यानं तो अभिमानानं पुढं केला. विश्वजितचे फोटो, मागं रडकं गाणं, खाली अमृतचं नाव मोठ्या अक्षरात.

"पाच लाख लोकांनी बघितलं, अण्णा. भाऊ गेला पण भावाचं नाव केलं."

शी! मदननी तो मोबाइल दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तसा धरून परत दिला. सुतकात असले धंदे करणाऱ्याला माणूस म्हणायचं म्हणजे माणसाचा अपमान. पण नियम म्हणजे नियम.

"सयाजीकडून आणलेले टायर कुठं ठेवले होतेस?"

अमृतचा चेहरा उतरला. "काकांच्या माळ्यावर. मी म्हणालो होतो सयाजीकडं बसवून आणतो. काका म्हणाले, आखाडात नवी वस्तू गाडीला चढवायची नाही, श्रावण लागू दे."

"आणि तोवर?"

"तोवर काय ते काका बघतील म्हणाले. काकांना कोण विचारणार?"

"अपघाताच्या दिवशी गाडी इथं आली तेव्हा तू कुठं होतास?"

"साताऱ्याला. विश्वजितला आणायला. रात्री उशिरा आलो. सकाळी बघितलं तर गाडीला नवे टायर."

"आणि तू गप्प बसलास?"

अमृत पायानं माती उकरायला लागला. त्याला काय वाटलं होतं हे त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. सोनमनं दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हातातून चावी काढून घेतली होती, 'ह्याच्या पायाला अक्कल नाही' असं चारचौघांत म्हणाली होती. पोरगी परस्पर अडकतेय तर अडकू दे.

"एकशेचाळीस कुणी सांगितलं तुला? तू गाडीत होतास?"

"काका म्हणाले."

"काका होते गाडीत?"

मदन त्याला दंडाला धरून गाडीपाशी घेऊन गेले. "पुढचं चाक बघ. काय दिसतं?"

अमृत वाकला. मग खरोखरीच ओरडला, "अरे! उलटे आहेत! कुठल्या गाढवानं बसवले?"

त्याचा राग अस्सल होता. गाड्यांचं येड लागलेलं पोर, रीलसाठी का होईना, बाण उलटा बघून त्याच्या जिवाला लागलं. हे काम याचं नव्हतं. मदन सरळ उभे राहिले आणि त्यांची नजर शेडच्या कोपऱ्यातल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला ट्रॅक्टरचे जुने टायर लावले होते. त्यांनी नक्षी बघितली. मग शेजारी उभ्या ट्रॅक्टरची मोठी चाकं बघितली, आणि परत ट्रॉलीची बघितली. ट्रॉलीची नक्षी उलट्या दिशेला होती.

५

लालासाहेब कारखान्याच्या कचेरीत एकटेच बसले होते. सात दिवसांत दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. पुढ्यात गंजक्या नटबोल्टांचा डबा, त्यातून चांगले-वाईट निवडत होते. भिंतीवर जुना फोटो, तरणाबांड लालासाहेब उघड्या अंगानं उकिडवा बसून टायर चढवतोय, मागं पाटी, 'लाला टायर वर्क्स'. या माणसानं आयुष्यात काही टाकून दिलेलं नव्हतं. आजही पलूसात सांगतात, लालासाहेबांच्या दारचा खिळासुद्धा तीन जन्म घेतो.

"झालं का लिवून, उपाध्येअण्णा?"

"एवढ्यात होईल. तुमची ट्रॉली बघत होतो. तिचे टायर उलटे दिसले. चुकून बसवलेत का?"

लालासाहेबांच्या चेहऱ्यावर, त्या तसल्या दुःखातसुद्धा, कारागिराचा ताठा उमटला. "चुकून? ह्या तालुक्यात ती अक्कल पयल्यांदा मी काडली. ट्रॅक्टरचं मागलं चाक वढतंय, त्येला नक्षी सुलटी. नुसतं फिरणारं चाक आसंल तर उलटी घालायची, चिखल धरत न्हाई. पोरांना किती शिकवलं, जमत न्हाई. अजून मीच बसवतो."

"नुसतं फिरणारं चाक," मदन हळूच म्हणाले. "विश्वजितच्या गाडीची ताकद मागच्या चाकांना होती, लालासाहेब. पुढची नुसती फिरणारी."

डब्यातला हात थांबला.

"पुढचे दोन्ही टायर उलटे आहेत. सोनमनं बाण बघितले होते, तेव्हा सुलटे होते. आत्ताच्या टायरचे केससुद्धा झडलेले नाहीत, म्हणजे ते रस्त्यावर गेलेलेच नाहीत. रिंगवर टॉमीचे ताजे ओरखडे आहेत. सयाजीकडं गाडी गेली नाही. अमृत साताऱ्याला होता. टायर तुमच्या माळ्यावर, गाडी तुमच्या शेडात, आणि मोकळ्या चाकाला टायर उलटा घालणारा हात या तालुक्यात एकच, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत." मदननी खिडकीतून समोरच्या शेडकडं बघितलं. "वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर टायर ठेवलेत. आत येताना मोजले, तेरा. त्यातले दोन बुटके आणि रुंद आहेत. ते ट्रॅक्टरचे नाहीत."

लालासाहेबांनी हात डब्यातून बाहेर काढला.

"आखाड व्हता," लालासाहेब म्हणाले. "विश्वाची आई आखाडातच गेली. नवी जीप आणली व्हती त्याच म्हयन्यात. तवापास्नं आखाडात मी नवा खिळा ठोकत न्हाई. पोरगं तर आयकंना. म्हणलं, जुन्यालाच खाचा मारून देतो, पंधरा दिस जातील. कापल्याल्या टायरवर पंचवीस वर्सं ऊस वढलाय मी. येक फुटला न्हाई."

"ऊस बैलाच्या चालीनं जातो."

"व्हय. कळलं. क्रेननं गाडी वर काडली, डावा टायर बगितला, तवा कळलं."

"मग त्या पोरीवर का घातलंत?"

"कुनीतरी मारलंय म्हणाय पायजे व्हतं." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मी मारलं म्हणलो आसतो तर मी जगलो नसतो, अण्णा. तुमीबी बापच हायसा. लिवा की, चालवणाऱ्याची चूक. तिची मांडी बरी हुईल. तिला मी काय लागंल ते दीन."

इथं मदन उपाध्यांचा नियम मोडला. मोडला म्हणजे पार चुरा झाला. ते उठले तेव्हा खुर्ची मागं पडली.

"काय लागेल ते द्याल? तिची आई फाटकाबाहेर रस्त्यावर बसून तुमच्या पोरासाठी रडली! तुम्ही तिला कुत्र्यासारखी हाकललीत, आणि तेव्हा तुम्हाला माहीत होतं! घरात मढं यायच्या आत तुम्ही टॉमी घेऊन चाकाशी बसला होता! किळस येते हो, किळस!" आणि मग, थांबायला हवं होतं तिथं ते थांबले नाहीत. "तुमचं पोरगं मरेपर्यंत काय म्हणत होतं सांगू? बाबांनी पहिल्यांदा माझं ऐकलं, म्हणत होतं. रस्ताभर! दहा वेळा!"

लालासाहेब ओरडले नाहीत, रडले नाहीत. निवडलेले नटबोल्ट त्यांनी एकेक करून डब्यात टाकले, झाकण लावलं. मग उठून भर पावसात बाहेर गेले, शिडी लावली आणि कुणाचीही मदत न घेता पत्र्यावर चढले. दोन्ही बुटके टायर त्यांनी स्वतः खाली आणले आणि मदनच्या पायाशी ठेवले. डाव्या टायरच्या खाचा उसवल्या होत्या आणि आतले दोरे बाहेर लोंबत होते.

"लिवा," ते म्हणाले. "हाय तसं लिवा."

६

दुसऱ्या दिवशी मदन त्या टायरचा कापलेला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेले. सोनमच्या हातात रुपयाचं नाणं दिलं. तिनं ते खाचेत उभं धरलं. बुडलं. मग मदननी दोन्ही अंगठ्यांनी खाच फाकवली आणि तळाचा पांढरा दोरा तिला दाखवला.

ती कितीतरी वेळ त्या दोऱ्यावरून बोट फिरवत होती. मदननी सगळं सांगितलं, आखाडापासून पत्र्यापर्यंत. अहवाल गेला आहे, पोलिसांनाही प्रत दिली आहे, गुन्हा आता तिच्यावर टिकणार नाही, असंही सांगितलं. सोनम रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती स्वतःसाठी नाही, विश्वजितसाठी रडली.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "तो काय म्हणत होता रस्त्यात, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही त्यांना नाही ना सांगितलंत?"

मदन वर्तमानपत्राची घडी घालू लागले. "सांगितलं."

"नको होतं सांगायला, सर."

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. मदनना आठवडाभर सगळ्या जगाची किळस आली होती, फोटोवाल्यांची, अमृतची, लालासाहेबांची. आता ती फिरून त्यांच्याच जिभेवर येऊन बसली. घरी जाऊन कीर्तीला काय सांगायचं, नियम कुठं आणि कसा मोडला, हे त्यांना सुचेना.

भामाबाई दाराशी बसून सगळं ऐकत होती. ती उठली, लुगडं झाडलं, पिशवी उचलली.

"सायेब, त्येंच्या घरात आत्ता कोन आसंल?"

"कुणी नाही. पुतण्या आहे, पण तो नसल्यातच जमा."

"म्हंजे ते एकलंच हायत." तिनं पदर डोक्यावर घेतला आणि लेकीच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. "पलूसची यष्टी किती वाजता सुटती वो?"